मुस्तफा जुना झाला, म्हणजे नेमकं काय झालं?

जुना सिनेमा पाहताना आपण थोडं समजून घेतो. चित्र काळं-पांढरं आहे, आवाज खरखरतो, नायक जरा जास्तच रडतो, तरी त्या काळी असंच होतं म्हणून सोडून देतो. जुनं पुस्तक हातात घेताना तर आपण आपोआप नम्र होतो. जुन्या व्हिडिओ गेमला ही सवलत कोणी देत नाही. पाच मिनिटं खेळायचं, 'आउटडेटेड आहे' म्हणायचं आणि मोबाईलमधून काढून टाकायचं. आजची मुलं असं करताना मी सतत पाहतो. त्यांची तक्रार खोटी नाही. पण ती अर्धीच आहे, आणि उरलेली अर्धी गोष्ट त्यांना सांगायचं काम आमच्या पिढीचं आहे.

उदाहरण सर्वांच्या ओळखीचं घेतो. 'कॅडिलॅक्स अँड डायनोसॉर्स' म्हटलं तर चाळिशीतला कल्याणकर कदाचित तोंडाकडे बघत राहील. 'मुस्तफा' म्हणा, लगेच हसेल. जपानच्या कॅपकॉम कंपनीने १९९३ मध्ये हा गेम काढला. मार्क शुल्ट्झ या अमेरिकी चित्रकाराच्या 'झेनोझोइक टेल्स' या कॉमिकवर तो बेतलेला होता. जॅक, हॅना, मेस आणि मुस्तफा या चौघांपैकी एकाला निवडायचं आणि मारामारी करत आठ टप्पे पार करायचे. एका वेळी तिघांना खेळता यायचं. पिवळी टोपी घातलेला मुस्तफा सर्वांत चपळ, म्हणून पोरांनी त्यालाच नायक केलं. कंपनीने दिलेलं लांबलचक नाव गळून पडलं आणि भारतभरच्या पार्लरमध्ये गेमचंच नाव 'मुस्तफा' झालं.

माझ्या भाच्याने अलीकडे हा गेम कुठून तरी मोबाईलवर उतरवून घेतला. त्याचा पहिला प्रश्न होता, "मामू, यात सेव्ह कुठे करायचं?" म्हटलं, सेव्ह नसतं. "मग मेलो तर?" पुन्हा कॉइन टाकायचा. मोबाईलवर कॉइन टाकणं म्हणजे एक बटण दाबणं, तेही फुकट. तो मरत गेला, बटण दाबत गेला आणि तासाभरात शेवटच्या टप्प्यापर्यंत पोहोचला. निकाल एका वाक्यात दिला: "तेच तेच मारायचं, बोअर आहे."

त्याच्या जागी मी असतो तर हेच म्हटलं असतं. कारण त्याच्यापर्यंत गेमचा अर्धाच भाग पोहोचला होता. उरलेला अर्धा भाग त्या फाइलमध्ये नव्हताच, तो खिशातल्या कॉइनमध्ये होता.

पार्लरचं मशीन मुळात कमाईसाठी ठेवलेलं असतं. नवखा खेळाडू चार-पाच मिनिटांत बाद झाला पाहिजे, नाहीतर दुकानाचं भाडं निघणार नाही. म्हणून ते गेम कठीण. यात कलेपेक्षा हिशेब जास्त होता, हे मान्य करायला हवं. पण त्या हिशेबातून एक गोष्ट आपोआप तयार झाली. खिशात दोनच कॉइन असतील तर प्रत्येक पाऊल विचार करून टाकावं लागतं. कोणत्या वळणावर कोण अंगावर येतो, बंदूक कुठे पडलेली असते, जेवणाचं ताट आता उचलायचं की लाइफ अजून घटल्यावर, हे सगळं पाठ करावं लागतं. 'तेच तेच मारणं' ही तक्रार कॉइन फुकट झाल्यावर सुरू होते. कॉइन मोजके असताना तोच सराव असतो.

आणखी एक तक्रार नेहमी येते: जुने गेम काही शिकवतच नाहीत, थेट आत ढकलतात. खरं आहे. आजचा गेम पहिला अर्धा तास बोट धरून चालवतो. पण वलीपीर रोड किंवा दूधनाक्याच्या बाजूच्या त्या अंधाऱ्या गाळ्यांमध्ये शिकवणारा मशीनच्या आत नसे, पाठीमागे उभा असे. दहावी-बारावीतली मोठी पोरं खांद्यावरून ओरडत, "मागे बघ, मागे!" ज्याच्याकडे पैसे नसत तोही दोन-दोन तास उभा राहून बघे आणि बघता बघता शिके. मगरीबच्या अजानीआधी घरी पोहोचायचं असल्याने वेळेचं बंधनही होतंच. म्हणजे आज गेममध्ये जे 'नाही' असं वाटतं, त्यातलं बरंच त्या गाळ्यात होतं. गाळा गेला, गेम उरला आणि आता तो उघडा पडल्यासारखा दिसतो.

घरच्या टीव्ही गेमचंही तेच. नव्वदच्या दशकात आपल्याकडे घराघरांत आलेली बहुतेक यंत्रं जपानी निन्टेन्डोच्या यंत्राची नक्कल होती. त्यात '९९९ इन १' लिहिलेली कॅसेट असे आणि आत वीस-पंचवीस गेम फिरवून फिरवून भरलेले असत. त्यातला 'सुपर मारिओ ब्रदर्स' १९८५ चा. संपूर्ण गेम अवघ्या ४० किलोबाइटमध्ये बसवलेला. व्हॉट्सअॅपवर रोज सकाळी येणारा शुभेच्छांचा एखादा फोटोसुद्धा याहून मोठा असतो. जागा वाचवण्यासाठी त्यातले ढग आणि झुडपं एकाच आकृतीची केली आहेत, फक्त रंग वेगळा. ही चित्रं काचेच्या जाड, फुगीर टीव्हीसाठी काढलेली होती. त्या पडद्यावर ठिपके एकमेकांत मिसळून कडा मऊ दिसत. आजच्या सपाट पडद्यावर तेच चित्र चौकोनी ठोकळ्यांसारखं दिसतं आणि दोष मात्र गेमला लागतो. बदकं मारायची ती बंदूक आठवत असेल, ती तर आजच्या टीव्हीवर चालतच नाही. तिचं सगळं गणित जुन्या पडद्याच्या प्रकाशावर बांधलेलं होतं.

म्हणून जुनं ते सगळं सोनं, असं मी म्हणणार नाही. काही गोष्टी तेव्हाही वाईटच होत्या. 'कॉन्ट्रा'मध्ये तीस लाइफ मिळवायला वर-वर-खाली-खाली हा मंत्र आम्ही पाठ केला होता. त्याचा इतिहास गमतीचा आहे. काझुहिसा हाशिमोतो हे कोनामी कंपनीचे प्रोग्रॅमर १९८६ च्या सुमारास 'ग्रॅडियस' हा गेम घरच्या यंत्रासाठी तयार करत होते. तपासणीसाठी तो पुरता खेळणं त्यांनाच जमेना, म्हणून त्यांनी ही चोरवाट ठेवली. बनवणाराच पार करू शकत नसेल, तर त्या कठीणपणाला थोरवी कशाला चिकटवायची? आज गेम मध्येच थांबवून ठेवता येतो, सोपी पातळी निवडता येते, ज्याला रंग ओळखायला अडचण आहे त्याच्यासाठी रंग बदलता येतात. ही प्रगतीच आहे. तिची टिंगल करणाऱ्या समवयस्कांशी माझं जमत नाही.

मात्र मुस्तफाच्या बाबतीत एक गोष्ट अशी आहे, जी नव्या गेममध्ये मला क्वचित सापडते.

आमच्याकडे तो गेम आला तो काळ १९९२-९३ च्या दंगलींनंतरचा. लोकलमध्ये नाव सांगताना घरची मोठी माणसं आवाज खाली आणत. सिनेमातला मुसलमान एकतर मित्रासाठी जीव देऊन मोकळा होई, नाहीतर बाँब ठेवी. अशा दिवसांत पार्लरमध्ये पारनाक्याची, लाल चौकीची, बैलबाजारची पोरं एकाच दांड्यासाठी भांडत आणि प्रत्येकाला मुस्तफाच व्हायचं असे. "आज मी मुस्तफा!" असं पाटील-जोशींची पोरंही ओरडून म्हणत. गेममध्ये त्याच्या धर्माचा उल्लेख नाही. तो एक इंजिनिअर आहे, टोपी घालतो आणि उडी मारून लाथ घालतो, बस्स. त्याने निष्ठा सिद्ध केली नाही, कोणाची माफी मागितली नाही, कोणासाठी मेला नाही. तो सर्वांत वेगवान होता आणि तेवढं पुरेसं होतं. यामुळे शहरात सलोखा नांदला, असला भाबडा दावा मी करत नाही. पार्लरच्या बाहेर पडलं की ज्याची त्याची गल्ली होतीच. पण आपल्यासारखं नाव असलेला माणूस सर्वांना व्हावासा वाटतो, हे दहा वर्षांच्या मुलाने रोज पाहणं ही छोटी गोष्ट नव्हे.

पुढे चित्रं कितीतरी पटींनी सुंदर झाली. २००७ च्या 'कॉल ऑफ ड्यूटी ४' मध्ये मध्यपूर्वेतला एक निनावी देश आहे, आणि तिथल्या ओळखीच्या वाटणाऱ्या कमानींमधून समोर येणाऱ्यांवर गोळ्या झाडायच्या आहेत. तंत्राने हा गेम मुस्तफाच्या कितीतरी पुढे. माणसाकडे पाहण्याच्या नजरेत पुढे आहे का, हे ज्याने त्याने ठरवावं. जुनाट कशाला म्हणायचं, याचं उत्तर फक्त चित्रांच्या बारकाईत शोधलं की असं होतं.

आता भाच्याच्या गेमकडे वळू. पबजी मोबाईलवर सप्टेंबर २०२० मध्ये आपल्याकडे बंदी आली आणि ३० ऑक्टोबरला तो भारतात बंदच झाला. २०२१ मध्ये तो बीजीएमआय नावाने परतला, जुलै २०२२ मध्ये पुन्हा दुकानांतून उतरवला गेला, मे २०२३ मध्ये पुन्हा आला. बंदीच्या कारणांत इथे जायला नको. मुद्दा एवढाच की असा गेम दूरच्या सर्व्हरवर जगतो. तिथली कळ बंद झाली की तुमच्या फोनमध्ये उरतं फक्त त्याचं चिन्ह. मुस्तफा तीस वर्षांनी निदान जुना तरी वाटतो. या गेमना जुनं होण्याची संधीही मिळेल की नाही, शंका आहे.

आणि मुस्तफाही टिकला तो आडवाटेनेच. या गेमची घरगुती यंत्रासाठीची अधिकृत आवृत्ती कधी आलीच नाही. २०१८ मध्ये कॅपकॉमने आपल्या अशाच जुन्या सात मारामारीच्या गेमचा संच काढला, त्यातही तो नव्हता. आज पैसे मोजून, रीतसर विकत घ्यायचा म्हटलं तरी मार्ग नाही. जो तो नकलेवर खेळतो. ही एकट्या मुस्तफाची गोष्ट नाही. अमेरिकेतल्या व्हिडिओ गेम हिस्टरी फाउंडेशनने २०२३ मध्ये पाहणी केली, तेव्हा तिथे २०१० पूर्वी आलेल्या गेमपैकी ८७ टक्के बाजारात मिळेनासे झाल्याचं दिसलं. आपल्या कल्याणात १८६४ सालापासून सार्वजनिक वाचनालय आहे. दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी कोणाला तरी वाटलं की पुस्तकं एका ठिकाणी सांभाळून ठेवली पाहिजेत. गेमच्या बाबतीत असं वाटणारं माणूस आपल्याकडे अजून दिसत नाही, कारण तो आपल्या लेखी पोरखेळच आहे.

कंपन्यांनी काय करावं, ते सांगून आपल्या हाती फार काही लागणार नाही. घरात मात्र एक करता येईल. मुलाला जुना गेम देताना नुसती फाइल देऊ नका. तीनच कॉइनची अट घाला आणि त्याच्या बाजूला बसून दुसरा खेळाडू व्हा. चुकलं तर मागून ओरडा. त्यानंतरही तो 'आउटडेटेड' म्हणाला, तर त्याचं मत मान्य करा. तेव्हा तो पूर्ण गेम खेळून बोलत असेल. आणि मुस्तफा कोण घेणार यावरून भांडण झालं, तर होऊ द्या.