स्टोव्हचा जबाब कोण घेणार?



'स्टोव्हचा भडका उडून विवाहितेचा मृत्यू.' चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीच्या मराठी वर्तमानपत्रांत ही बातमी इतक्या वेळा छापून आली, की वाचणाऱ्यांना तिचे काही वाटेनासे झाले. आपल्या आधीच्या पिढीतल्या कार्यकर्त्यांना मात्र वाटले. त्यांनी साधाच प्रश्न विचारला : स्टोव्ह सगळ्या घराचा, मग भडका नेहमी सुनेच्याच पदराला कसा लागतो? या प्रश्नातून मोर्चे निघाले, चार भिंतींच्या आतले बाहेर बोलले जाऊ लागले. १९८३ साली दंडविधानात ४९८-अ हे कलम आले, १९८६ साली हुंडाबळीचे ३०४-ब आले. १ जुलै २०२४ पासून या तरतुदी भारतीय न्याय संहितेच्या ८५ आणि ८० या कलमांत आहेत.

त्याच बातमीत आणखी एक प्रश्न दडलेला होता. तो फारसा कुणी विचारला नाही. तो स्टोव्ह कुठे आहे?

मला हा प्रश्न महत्त्वाचा वाटतो, कारण त्याचे उत्तर काहीही आले तरी ते बाईच्या उपयोगाचे आहे. टाकी शाबूत असेल तर 'भडका उडाला' हे सांगणे संशयास्पद ठरते आणि तपास घरातल्या माणसांकडे वळतो. टाकीचा सांधा खरोखरच उकललेला असेल तर तपास तो स्टोव्ह बनवणाऱ्याकडे आणि विकणाऱ्याकडे वळतो. दोन्ही वाटा न्यायाकडे जातात. स्टोव्ह भंगारात गेला की दोन्ही बंद होतात आणि मागे एकच वाक्य उरते : 'तिचेच लक्ष नव्हते.'

रॉकेलचा स्टोव्ह आता मागे पडला. पण सोलापुरातल्या वस्त्यांमधून काम करताना हे वाक्य मला आजही ऐकू येते. कुकरचे झाकण उडून चेहरा भाजलेली बाई, पाणी तापवायच्या रॉडचा झटका बसलेली बाई, गॅसच्या नळीने पेट घेतल्यामुळे हात भाजलेली बाई. घरचे म्हणतात, तिची घाई नडली. दुकानदार म्हणतो, वापरता आले नाही. आणि विड्या वळून, भाकऱ्या थापून वर घर सांभाळणारी ती बाई स्वतःही म्हणते, "ताई, माझंच चुकलं असंल." घरातल्या मारहाणीबद्दल हेच वाक्य बोलायचे बायकांनी थांबवावे म्हणून आपण इतकी वर्षे झटतो आहोत. वस्तूंच्या बाबतीतही ते थांबायला हवे.

कायदा याबाबतीत आज आपल्या बराच बाजूने आहे. ग्राहक संरक्षण कायदा मुळात १९८६ चा. त्याची जागा घेणारा २०१९ चा कायदा २० जुलै २०२० पासून लागू झाला, आणि त्यात 'उत्पादन दायित्व' असे एक संपूर्ण नवे प्रकरण आहे. सदोष वस्तूमुळे कुणाला इजा झाली, आजार झाला, मृत्यू आला किंवा घरादाराचे नुकसान झाले, तर वस्तू बनवणाऱ्याने भरपाई दिली पाहिजे, असे ते सांगते. इजेबरोबर येणारा मानसिक त्रासही त्यात धरलेला आहे. दोष बनावटीत असेल, मूळ आराखड्यात असेल किंवा वापराच्या पुरेशा सूचना दिलेल्या नसतील, तर उत्पादक जबाबदार ठरतो. बनवणाऱ्याच्या कारखान्यात नेमके कोण आणि कसे निष्काळजी वागले हे बाईने शोधून काढायचे नाही. वस्तू सदोष होती आणि त्या दोषामुळेच इजा झाली, एवढे दाखवायचे.

'पुरेशा सूचना' या शब्दांपाशी थोडे थांबू या. सोलापुरात मराठी, तेलुगू, कन्नड, उर्दू अशा चार भाषा बोलणाऱ्या बायका एकाच नळावर पाणी भरतात. त्यांच्या हातात येणाऱ्या वस्तूच्या खोक्यात बारीक इंग्रजी अक्षरांतला कागद असेल, तर त्या सूचना कुणासाठी पुरेशा? 'तुम्ही सूचना वाचल्या नाहीत' असे कंपनीच्या वकिलाने म्हटले, तर हा प्रश्न आयोगापुढे जरूर मांडावा.

आमच्याकडे सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न बिलाचा असतो. "ताई, बिल यांच्या नावावर आहे. मी कशी तक्रार करू?" करता येते. ज्याने पैसे मोजले तोच ग्राहक, असे कायदा म्हणत नाही. विकत घेणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारी व्यक्तीही ग्राहकच आहे. घरातल्या किती वस्तू आपल्या नावावर असतात हे आपल्याला ठाऊकच आहे. म्हणून ही ओळ आपल्यासाठी फार मोलाची आहे. बाईचा मृत्यू झाला असेल तर तिच्या वारसांना तक्रार करता येते.

दुसरा प्रश्न धंद्याचा. कडक भाकरी, शेंगाचटणी विकणाऱ्या बचतगटातल्या बायका विचारतात, आमचे यंत्र तर धंद्याचे, मग आम्ही ग्राहक कशा? व्यापारासाठी घेतलेली वस्तू कायद्याबाहेर आहे खरी, पण स्वतः राबून पोट भरण्यासाठी घेतलेली वस्तू त्यात मोडत नाही. शिलाई मशीन, चटणीचे ग्राइंडर घेऊन स्वतःचा चरितार्थ चालवणारी बाई ग्राहकच आहे.

तिसरा प्रश्न नाव-गाव नसलेल्या मालाचा. अकोल्यातल्या एका घरातल्या तिघी जणींचे उदाहरण जानेवारी २०२३ मध्ये वर्तमानपत्रांतून आले होते. गोरे करणारे क्रीम वापरून तिघींनाही मूत्रपिंडाचा विकार जडला. मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात ते क्रीम तपासले, तेव्हा त्यात पाऱ्याचे प्रचंड प्रमाण आढळले. सौंदर्यप्रसाधनात जाणूनबुजून पारा घालायला आपल्याकडे बंदी आहे. तरी आठवडी बाजारात आणि गल्लीतल्या पार्लरमध्ये बिननावाच्या डब्या मिळतातच. गोऱ्या रंगाचा हा सोस बाईच्या माथी कोणी मारला, हा या पानांवर अनेकदा आलेला विषय. आज एवढेच सांगते, की बनवणारा कोण हेच कळत नसेल, तर कायदा विकणाऱ्याला जबाबदार धरतो. 'मी फक्त विकले' म्हणून त्याला हात झटकता येत नाहीत.

त्या तिघींच्या आजाराचे मूळ सापडले, कारण क्रीम शिल्लक होते आणि ते तपासले गेले. औषधांच्या बाबतीतही हेच दिसते. १९८६ च्या सुरुवातीला मुंबईच्या जे.जे. रुग्णालयात भेसळयुक्त ग्लिसरॉल दिले गेल्याने १४ रुग्ण दगावले. त्यात डायएथिलीन ग्लायकॉल हे विष होते. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने त्याची चौकशी केली. २०२५ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाडा भागात खोकल्याच्या औषधाने वीसहून अधिक मुले गेली. त्यांतल्या बऱ्याच जणांना उपचारासाठी आपल्या नागपुरात आणले होते. औषधाचे नमुने तपासल्यावर पुन्हा तेच विष निघाले. बाटली जपली गेली तर ती बोलते.

म्हणून माझे या अंकातले मुख्य सांगणे हे : वस्तू जपून ठेवा. अपघात झाला की आपण पहिल्यांदा काय करतो? फरशी पुसतो, फुटके उचलून फेकतो, पाहुण्यांना दिसू नये म्हणून घर आवरतो. आवरण्याची ही सवय आपल्या अंगात मुरवलेली आहे. पण त्या कचऱ्यातच आपला पुरावा असतो. जखमी बाईला आधी दवाखान्यात न्या आणि केस पेपरवर 'घरी भाजली' एवढेच न लिहिता कोणत्या वस्तूने, कसे, हे लिहून घ्या. मागे राहिलेल्या कुणी तरी गॅसची टाकी आणि विजेचे बटण बंद करून धोका टाळावा, मग वस्तूचे आणि जागेचे फोटो काढावेत. सगळे तुकडे एका पोत्यात बांधून ठेवावेत. वस्तू उघडू नका, दुरुस्त करू नका. तिच्यात फेरफार केला किंवा तिचा गैरवापर झाला, असे दिसले तर विक्रेता सुटू शकतो. दुकानदार 'आणा, बदलून देतो' म्हणाला तरी भाजलेल्या, कापलेल्या बाईने मूळ वस्तू हातातून सोडू नये. बिल, खोके, वॉरंटी कार्ड ठेवा. बिल नसेल तर मोबाइलवरून पैसे दिल्याचा संदेशही उपयोगी पडतो.

मग दुकानदाराला आणि कंपनीला स्पीड पोस्टाने लेखी नोटीस द्या. दाद मिळाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जा. कंपनी दिल्लीची असो की चेन्नईची, तुम्ही जिथे राहता किंवा काम करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते. आयोगाची पायरी तुम्ही भरपाई किती मागता यावर ठरत नाही, वस्तूसाठी किती पैसे दिले यावर ठरते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल २०२५ मध्ये ही तरतूद वैध ठरवली. म्हणजे हजार रुपयांच्या कुकरने डोळा गेला तर तक्रार जिल्ह्यातच होते, आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला तक्रारीचे शुल्क नाही. वकील लावलाच पाहिजे असेही नाही. लागलाच तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून तो मोफत मिळतो. बाईला त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. मुदत घटनेपासून दोन वर्षांची आहे. आयोग वस्तू सीलबंद करून प्रयोगशाळेत पाठवू शकतो. ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आणि विधी सेवेचा १५१०० आहे.

अर्जात आणखी एक ओळ लिहा : भरपाई जखमी बाईच्या स्वतःच्या खात्यात जमा व्हावी. भाजलेले अंग तिचे आणि चेक दुसऱ्याच्या नावावर, असे होऊ देऊ नका.

गॅसचे थोडे वेगळे आहे. घरगुती गॅसच्या अपघातासाठी तेल कंपन्यांनी विमा उतरवलेला असतो आणि त्याचा हप्ता आपल्याला भरावा लागत नाही. मृत्यू झाल्यास माणशी ६ लाख, आणि उपचारासाठी माणशी २ लाखांपर्यंत अशी त्यात तरतूद आहे. अपघातानंतर ताबडतोब वितरकाला लेखी कळवा आणि पोच घ्या. गळती झाली तर १९०६ वर फोन करा.

हे सगळे लिहिताना मी भाबडी नाही. कायद्यात निकालासाठी तीन महिने, तपासणी लागली तर पाच महिने सांगितलेले आहेत. प्रत्यक्षात तारखा किती पडतात हे फेऱ्या मारणाऱ्या बायका जाणतात. एका तारखेला एका दिवसाची मजुरी बुडते. सरकारी दवाखान्यात सर्वांनाच मोफत मिळणारी सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही, असा १९९५ चा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल आहे. तेव्हा तिथल्या उपचारात हलगर्जी झाली, तर गरीब बाईला दुसरी दारे ठोठवावी लागतात. म्हणूनच एकटीने लढण्यापेक्षा एकाच वस्तूने पोळलेल्या अनेक जणींनी एकत्र यावे. आयोगाच्या परवानगीने एकत्रित तक्रार करता येते. २०२० मध्ये स्थापन झालेल्या केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाला धोकादायक माल बाजारातून परत घ्यायला लावण्याचा अधिकार आहे. फेब्रुवारी २०२१ पासून घरगुती प्रेशर कुकरला आयएसआय मार्क सक्तीचा झाला. तरीही अॅमेझॉनवरून तसा मार्क नसलेले २,२६५ कुकर विकले गेले म्हणून या प्राधिकरणाने ऑगस्ट २०२२ मध्ये दंड केला, कुकर परत घेण्याचा आणि पैसे परत देण्याचा आदेश दिला. कंपनी त्याविरुद्ध उच्च न्यायालयात गेली. पण रस्ता आहे, हे तर दिसले.

बायकांना हा रस्ता नवा नाही. १९६६ साली मुंबईत नऊ जणींनी 'कन्झ्युमर गाइडन्स सोसायटी' सुरू केली, तेव्हा देशात ग्राहक कायदा नव्हता. १९७२ नंतर महागाईविरोधात लाटणी घेऊन बायका रस्त्यावर आल्या, त्या काही कुणी कायद्याचे पुस्तक वाचून दाखवले म्हणून नव्हे. स्वयंपाकघरातला प्रश्न सार्वजनिक असतो, हे त्यांना आतूनच कळलेले होते.

आज आपल्या मागण्या अशा आहेत. भाजलेल्या प्रत्येक बाईच्या प्रकरणात पोलिसांनी ती वस्तू पंचनाम्यात घेऊन जप्त करावी आणि तपासणीला पाठवावी. तिचा जबाब घेताना नातेवाइकांना बाहेर ठेवावे. 'वस्तू सदोष होती का' आणि 'कुणी काही केले का' हे दोन्ही प्रश्न विचारावेत, एकाच्या आड दुसरा दडपू नये. जिल्हा आयोगाने तक्रारीचा नमुना मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दूतही उपलब्ध करून द्यावा.

आणि आपल्या गटांनी काय करावे? पुढच्या महिन्याच्या बैठकीत प्रत्येकीने घरातला कुकर, गॅसची नळी, पाण्याचा रॉड यांवर आयएसआय मार्क आणि त्याखाली 'सीएम/एल' ने सुरू होणारा परवाना क्रमांक आहे का, ते बघून यावे. नसेल तर ते कोणत्या दुकानातून आले, हे वहीत टिपावे. दहा वस्त्यांतल्या दहा वह्या एकत्र आल्या, की कुठला माल कुठून येतो हे आपल्यालाच दिसू लागेल. त्या वह्या घेऊन आपण आयोगाकडे आणि प्राधिकरणाकडे जाऊ.