बोट वाकलं? आधी बूट तपासा

मुक्ताईनगरहून पंढरीला पायी जाणारे, चैत्रात वणीच्या गडाची वाट धरणारे, केळीच्या बागेत दिवसभर राबणारे: खान्देशात सगळी भिस्त पायांवर. पण पायाच्या बोटांकडे आपण बघतो ती ठणकायला लागल्यावरच.

अंगठ्याशेजारचं बोट मधल्या सांध्यात वर उचललं जातं, शेंडा खाली टेकतो, उंचवट्यावर बूट घासून कुरूप होतं. डॉक्टर याला ‘हॅमर टो’ म्हणतात. बोट वाकवणाऱ्या आणि सरळ ठेवणाऱ्या स्नायूंचा तोल गेला की असं होतं. हा तोल बऱ्याचदा बिघडवतो तो आखूड, निमुळता किंवा उंच टाचेचा जोडा. अंगठ्यापेक्षा दुसरं बोट लांब असेल तर आधी तेच चेंगरतं. संधिवात, मधुमेह किंवा तिरपा झालेला अंगठा हीही कारणं आहेत.

हाताने बोट सरळ करून बघा. होत असेल तर वेळ गेलेली नाही. पुढून रुंद आणि उंच जोडा घ्या, जमिनीवर टॉवेल पसरून तो बोटांनी ओढायचा व्यायाम करा. बोट ताठ झालं असेल तर व्यायामाने ते सरळ होणार नाही, अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. ऑपरेशन सगळ्यांनाच लागतं असं नाही.

जोडा संध्याकाळी घ्या, तेव्हा पाय थोडे सुजलेले असतात. घरून निघताना कागदावर उभं राहून पायाची रेघ काढून न्या. दुकानात त्यावर जोडा ठेवा. रेघ बाहेर डोकावली तर तो जोडा नको. जून उजाडला की पोरांचे गेल्या वर्षीचे बूटही असेच तपासा.

मधुमेह असेल तर कुरूप ब्लेडने कापू नका, कॉर्न कॅपही लावू नका. त्यातल्या अ‍ॅसिडने जखम होते आणि बधिर पायाला ती कळत नाही. अशा पायांनी चैत्राच्या उन्हात डांबरी रस्त्यावर अनवाणी चालू नये. नवस असला तरी चप्पल घाला, देवी रागावणार नाही. बोटं वाकण्याबरोबर अंगावर बधिर, फिकट चट्टा दिसला तर कुष्ठरोगाची तपासणी करून घ्या. प्राथमिक आरोग्य केंद्रात औषध फुकट मिळतं. लपवण्यासारखं त्यात काही नाही.

जळगावला आणि धुळ्याला शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं आहेत. दुखणं अंगावर काढू नका. आज पाय धुताना घरातल्या सगळ्यांची बोटं बघा, मधुमेह असलेल्यांची सगळ्यात आधी.