सिम कोणाच्या नावावर?

बाजारात मोबाईल हरवला की घरात पहिला प्रश्न, "लक्ष कुठे होतं तुझं?" अहो, ते राहू द्या! आधी सिम बंद करा, बँकेचा ओटीपी त्यावरच येतो. पोलिसांत तक्रार नोंदवली की 'संचार साथी'वर १५ आकडी आयएमईआय देऊन हँडसेटही बंद करता येतो. २०२३ पासून ही सोय देशभर आहे.

खरी अडचण पुढेच. हँडसेट नवा घेता येतो, जुना नंबर मात्र सिम ज्याच्या नावावर त्यालाच मिळतो. आमच्या बचत गटातल्या कितीतरी जणींचं सिम नवऱ्याच्या, नाहीतर परगावी नोकरीला गेलेल्या मुलाच्या नावावर! खातं बाईचं, पैसे बाईचे, अन् नंबरासाठी मुलाच्या सुट्टीची वाट बघायची? दिवाळीत तो येईल तेव्हा फराळाआधी त्याला सिमच्या दुकानात न्या.