कुंडीतले आजोबा

दिवाळी जवळ आली की गॅलरीतल्या कुंड्यांना गेरू लागतो आणि एरवी तुळस व दोन गुलाबांवर समाधान मानणाऱ्या मंडळींनाही एखादे नवे झाड घरी आणावेसे वाटते. नर्सरीत उथळ ताटलीसारख्या कुंडीत एक वाकडेतिकडे, वीतभर उंचीचे, पण पाहताच एखाद्या डोंगरावरच्या जुनाट वृक्षाची आठवण करून देणारे झाड दिसते. किंमत ऐकून श्रीमती दोन पावले मागे सरतात, श्रीयुत तीन पावले पुढे सरतात, आणि झाड घरी येते. दिवाणखान्यात, रेडिओशेजारी, पाहुण्यांच्या नजरेत भरेल अशा जागी त्याची प्रतिष्ठापना होते. संक्रांतीच्या सुमारास ते तपकिरी पडलेले असते, आणि मग ‘हे जपानी नखरे आपल्याकडे चालायचे नाहीत’ असा निकाल लागतो.

निकाल चुकीचा आहे. ते झाड जर जुनिपरचे असेल, तर दिवाणखान्यानेच त्याचा घात केलेला असतो.

जुनिपर हा थंड हवेतला सदाहरित वृक्ष. तो आपल्याला अगदीच परका नाही. आयुर्वेदातली हपुषा म्हणजे जुनिपरचेच फळ. लडाखात त्याच्या एका भाईबंदाला ‘शुकपा’ म्हणतात आणि गोंपांतून त्याचा धूप जाळतात. जपानात मात्र त्याच्या ‘शिंपाकू’ नावाच्या प्रकाराला बोन्सायच्या दरबारात अग्रपूजेचा मान आहे. शिकोकू बेटावरचा इशिझुची पर्वत आणि निइगाता भागातील इतोइगावाचे कडे ही त्याची प्रसिद्ध माहेरघरे. कड्याच्या फटीत रुजलेल्या या झाडावर शतकानुशतके बर्फ कोसळते, दरडी घसरतात, वारा फांद्या पिळवटून टाकतो. खोडाचा बराचसा भाग मरून हाडासारखा पांढरा पडतो आणि त्याच्या अंगाने सालीची एखादीच जिवंत पट्टी मुळापासून शेंड्यापर्यंत जाते. तेवढ्या पट्टीवर झाड जगते! विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात लोक कमरेला दोर बांधून कड्यांवर उतरत आणि ही झाडे काढून आणीत. काहींनी त्यात प्राणही गमावले. डोंगर रिकामे झाले, आणि आता बहुतेक रोपे फांद्यांच्या कलमांपासूनच तयार करतात.

या कलेचे एक गावच आहे. १९२३च्या भूकंपात तोकियो उद्ध्वस्त झाल्यावर तेथील काही बोन्साय-माळी चांगली माती आणि मोकळी हवा शोधत उत्तरेला ओमिया येथे गेले व १९२५ साली त्यांनी ‘बोन्साय-ग्राम’ वसवले. रहिवाशांसाठी त्यांनी जे नियम केले ते वाचण्यासारखे आहेत : प्रत्येकाने निदान दहा बोन्साय बाळगावेत, घराचे दार पाहणाऱ्यांना खुले ठेवावे, कुंपण जिवंत झुडपांचे असावे, आणि दुमजली घर बांधू नये. चाळीत किंवा ब्लॉकमध्ये राहणाऱ्या आपल्याला शेवटचा नियम वाचून उसासा येईल. पण गॅलरी असली तरी काम भागते.

आता पथ्यपाणी. पहिली गोष्ट, हे झाड घरातले नाही, बाहेरचे आहे. त्याला रोज पाच-सहा तास ऊन आणि खेळती हवा पाहिजे. प्रदर्शनापुरते एक-दोन दिवस आत आणावे आणि परत बाहेर न्यावे. हिवाळ्याची थंडी ही त्याची झोप आहे. म्हणून पुणे, नाशिक, महाबळेश्वर या बाजूंना ते जितके मानवेल तितके मुंबईच्या दमट उकाड्यात मानणार नाही. मुंबईकरांनी उगाच हट्ट न धरता वड, उंबर यांवर हात बसवावा. त्यात कमीपणा मुळीच नाही.

दुसरी गोष्ट पाण्याची. येथेच बहुतेक झाडे जातात. जुनिपरचा एक विलक्षण स्वभाव आहे : तो आपले दुखणे सांगत नाही. तुळशीला पाणी नसले की ती संध्याकाळी मान टाकते. जुनिपरची मुळे मेली तरी पालापाचोळा आठवडेच्या आठवडे हिरवाच राहतो. रंग फिरल्याचे लक्षात येते तेव्हा उपाय करायला काही उरलेले नसते. म्हणून पाल्याकडे पाहून पाणी घालू नये, बोट मातीत खुपसून पाहावे. वरचा अर्धा इंच कोरडा वाटला की कुंडीच्या तळच्या भोकांतून वाहीपर्यंत भरपूर पाणी द्यावे. कोरडा नसेल तर थांबावे. ‘रोज सकाळी एक पेला’ हा हिशेब माणसाच्या औषधाला ठीक, झाडाला नाही. मातीही बागेतली चिकण नको. विटांचे बारीक तुकडे, जाड वाळू आणि थोडे कुजलेले खत असे मिश्रण चाळून, त्यातली धूळ काढून वापरावे. वर शोभेचे खडे सरसाने चिकटवलेले असतील तर ते आधी उखडून टाकावेत. त्यांच्याखाली माती ओली की कोरडी हे कळायलाच मार्ग नसतो.

पाला फिका, धुरकट दिसू लागला तर फांदीखाली पांढरा कागद धरून टिचकी मारावी. कागदावर पडलेले ठिपके चालू लागले, तर ती लाल कोळ्याची स्वारी समजावी. पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाला खालून-वरून धुवावा आणि आठवड्याने पुन्हा पाहावे.

यानंतर घडणीचा भाग. प्रथम कात्री खाली ठेवा आणि झाड फिरवून सर्व बाजूंनी पाहा. मुळांचा पसारा आणि खोडाचे वळण जेथून सर्वांत चांगले दिसते, ती त्याची दर्शनी बाजू. मग एकाच ठिकाणाहून निघालेल्या, एकमेकींवर चढलेल्या फांद्यांतून कोणती ठेवायची ते ठरवावे. एक नियम मात्र पाटीवर लिहून ठेवावा : फांदी ठेवायची असेल तर तिच्यावर हिरवा पाला राहिलाच पाहिजे. उघड्या जुन्या लाकडावर जुनिपरला सहसा नवा कोंब फुटत नाही.

फांदीला वळण द्यायला तांब्याची किंवा ॲल्युमिनियमची तार, फांदीच्या साधारण एक-तृतीयांश जाडीची घ्यावी. ती खोडाकडून टोकाकडे तिरकी, सारख्या अंतराने गुंडाळावी आणि मग दोन्ही हातांनी आधार देत हळूहळू वाकवावे. आपल्याकडे दिवाळीनंतरचे थंडीचे दिवस याला चांगले. तार सालीत रुतण्यापूर्वी काढावी. उलगडत बसू नये, कात्रीने जागोजाग तोडावी. तारेचे पैसे वाचवायला गेलात तर फांदी जाते.

शेंडे नखांनी खुडत राहण्याची जुनी चाल आता जाणकार सोडत आहेत. त्या हिरव्या टोकांतच झाडाची ताकद असते. फार लांबलेले धुमारेच तेवढे बुडाशी कापावेत. छाटणीचा अतिरेक झाला की शिंपाकूचा मऊ, खवल्यांसारखा पाला जाऊन बोचरा, काट्यांसारखा पाला येतो. रागावलेल्या माणसाचा आवाज बदलावा, तसेच! कुंडी तरुण झाडाची दोन-तीन वर्षांनी, जुन्याची चार-पाच वर्षांनी, थंडी सरता सरता बदलावी. मुळे एक-तृतीयांशापेक्षा जास्त कापू नयेत. आणि एका वर्षात एकच मोठी शस्त्रक्रिया. छाटणी, तार आणि कुंडीबदल एकाच रविवारी उरकणे म्हणजे रोग्याचे दात, आतडे आणि डोळे एकदमच तपासून कापणे होय.

एक आक्षेप नेहमी घेतला जातो : झाडाला मुद्दाम खुजे ठेवणे हा छळ नव्हे का? भुकेने खुरटवलेले झाड हा छळ खराच. पण बोन्साय उपाशी नसते. त्याला वेळेवर पाणी, खत, ऊन आणि मुळांना नवी माती मिळते. आपण मेंदी कापतो, जाईची छाटणी करतो, त्याहून यात वेगळे काही नाही. छळ होतो तो हौसेने आणून विसरून जाण्यात.

या बाबतीत जपानातली एक हकीकत सांगतो. जानेवारी २०१९ मध्ये तोकियोजवळच्या कावागुची येथील एका बागेतून सात बोन्साय चोरीला गेले. त्यांत सुमारे चारशे वर्षांचा एक शिंपाकू होता. त्या एकट्याचीच किंमत एक कोटी येनहून अधिक. मालक पतिपत्नींनी जाहीर विनंती केली, ती काय? झाडे परत करा हे तर आलेच, पण त्याआधी, चोरांनो, त्यांना पाणी तरी घाला! कोटी येन गेल्याच्या दुःखापेक्षा, इतकी वर्षे ज्याला कोणी ना कोणी रोज पाणी घातले, त्याला आज कोण घालील, ही काळजी मोठी ठरली.

तेव्हा या दिवाळीत जुनिपर घ्यायचाच असेल, तर किमतीची घासाघीस करण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी एकत्र बसून एवढेच ठरवावे : मे महिन्यात आपण गावी गेलो की पाणी कोण घालणार? शेजारच्या काकूंनी हो म्हटले, धाकट्या मुलाने बोट मातीत खुपसून पाहायला शिकून घेतले, तर झाड खुशाल आणा. ज्या घरात एकटा हौशी माणूस आहे तेथे ते त्याच्या हौसेइतकेच जगते. ज्या घरात पाणी घालणारे हात दोनाचे चार होतात, तेथे ते नातवंडांपर्यंत पोचते.