गहू सोडला की सोरायसिस जातो का? परभणीच्या ताटातून समजून घ्या

सोरायसिस असेल तर आधी गहू बंद करा, मग दूध, मग वांगी-टोमॅटो, मग आंबट. इन्स्टाग्रामच्या रील्समध्ये आणि व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या सल्ल्यांचा क्रम साधारण असाच असतो. गव्हातलं ग्लुटेन नावाचं प्रथिन शरीरात दाह निर्माण करतं, तो दाह त्वचेवर उमटतो, म्हणून पोळी सोडली की चट्टे जातात, असं त्यामागचं गणित सांगितलं जातं.

परभणी जिल्ह्यात हे गणित पहिल्याच पायरीवर अडखळतं. जिंतूर असो की गंगाखेड, पाथरी असो की पालम, इथलं जुनं जेवण म्हणजे ज्वारीची भाकरी. ज्वारीत ग्लुटेन नसतंच. म्हणजे 'ग्लुटेन-फ्री' हा शब्द कानावर येण्याच्या कित्येक पिढ्या आधीपासून इथली माणसं बऱ्याच अंशी तसंच जेवत होती. तरीही ज्वारीच्या पट्ट्यातल्या सरकारी रुग्णालयांत त्वचारोग विभागासमोरच्या रांगेत सोरायसिसचे रुग्ण असतातच.

मग आहाराचा आणि सोरायसिसचा काही संबंधच नाही का? आहे. पण रीलमध्ये सांगतात त्या ठिकाणी नाही.

आधी आजार समजून घेऊ

सोरायसिस हा संसर्ग नाही. खरूज, नायटा यांच्यासारखा तो एकाकडून दुसऱ्याकडे जात नाही. एकत्र जेवल्याने, एकाच टॉवेलने, एकाच अंथरुणामुळे तो होत नाही. यात रोगप्रतिकारशक्तीचाच तोल बिघडतो. त्वचेच्या पेशी तयार होऊन झडायला एरवी साधारण महिना लागतो. सोरायसिसमध्ये तेच चक्र काही दिवसांत पूर्ण होतं. पेशींचा ढीग साचतो, त्याच्या चंदेरी खपल्या होतात आणि खाली लालसर चट्टा राहतो. सावळ्या त्वचेवर तो लाल न दिसता जांभळट किंवा करडा दिसू शकतो, त्यामुळे निदान लांबतं.

भारतात प्रौढांमध्ये त्याचं प्रमाण ०.४४ ते २.८ टक्क्यांच्या दरम्यान असल्याचं वेगवेगळ्या अभ्यासांत नोंदलं गेलं आहे. २०१४ मध्ये जागतिक आरोग्य परिषदेने सोरायसिसवर स्वतंत्र ठराव केला. त्यात या आजारासोबत येणाऱ्या कलंकाचा उल्लेख आहे. मराठवाड्यात हा कलंक कसा दिसतो, हे वेगळं सांगायला नको. ताट-वाटी बाजूला काढली जाते, लग्नाच्या बोलणीत हात झाकले जातात.

पथ्याला श्रेय का मिळतं?

सोरायसिसची एक खोड आहे. तो आपोआप वाढतो आणि आपोआप कमीही होतो. बऱ्याच रुग्णांना हिवाळ्यात त्रास जास्त होतो, कारण हवा कोरडी आणि ऊन कमी. उन्हातली अतिनील किरणं मोजक्या प्रमाणात मिळाली तर चट्टे मऊ पडतात. रुग्णालयांत दिली जाणारी 'फोटोथेरपी' याच तत्त्वावर चालते.

परभणीची थंडी राज्यात प्रसिद्ध आहे. वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठातला पारा एक आकड्यावर उतरला की त्याची बातमी होते. मार्च उजाडला की हाच जिल्हा तापायला लागतो. आता समजा, कुणी जानेवारीत चट्टे भडकल्यावर गहू आणि दूध सोडलं. एप्रिलपर्यंत त्वचा बरीच निवळली. श्रेय कुणाला मिळणार? पथ्याला. पुढच्या डिसेंबरमध्ये चट्टे परत आले की दोष कुणाचा? रुग्णाचा, कारण दिवाळीत त्याने करंजी खाल्ली. या हिशेबात पथ्य कधीच हरत नाही. हरतो तो आजारी माणूस.

म्हणूनच एकट्यादुकट्याच्या अनुभवापेक्षा तुलनात्मक चाचण्यांना महत्त्व आहे. त्यात एका गटाचा आहार बदलतात, दुसऱ्याचा बदलत नाहीत किंवा वेगळा ठेवतात, आणि ऋतू दोघांनाही तोच असतो.

चाचण्या काय सांगतात?

अमेरिकेच्या नॅशनल सोरायसिस फाउंडेशनच्या वैद्यकीय मंडळाने २०१८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासून आहाराविषयी शिफारशी केल्या. ५५ अभ्यास पाहिल्यावर ठाम शिफारस एकच निघाली: वजन जास्त असेल तर कमी उष्मांकाच्या आहाराने ते कमी करा. ग्लुटेन सोडण्याची शिफारस दुबळी होती, तीही फक्त रक्ततपासणीत ग्लुटेनची संवेदनशीलता दाखवणारे घटक आढळलेल्यांसाठी. सगळ्यांसाठी नाही.

वजनाचा संबंध का? पोटावरची चरबी म्हणजे नुसता साठा नसतो. ती दाह वाढवणारी रसायनं रक्तात सोडत राहते, आणि त्यातली काही सोरायसिसच्या दाहातही सामील असतात. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डेन्मार्कमधल्या एका चाचणीत वजन जास्त असलेल्या ६० रुग्णांपैकी एका गटाला १६ आठवडे अतिशय मोजका आहार दिला. त्या गटाचं वजन दुसऱ्या गटापेक्षा सरासरी १५.४ किलोने जास्त घटलं. रोजच्या जगण्यातला त्रास स्पष्ट कमी झाला. त्वचेवरची सुधारणा मात्र सांख्यिकीच्या कसोटीवर थोडक्यात कमी पडली. म्हणजे १५ किलो उतरवूनही चट्टे नाहीसे होतील, अशी हमी कुणी देऊ शकत नाही.

ताजी बातमी स्पेनमधून आली. २०२५ मध्ये 'जामा डर्मेटॉलॉजी'त प्रसिद्ध झालेल्या चाचणीत सौम्य ते मध्यम सोरायसिसच्या ३८ रुग्णांपैकी निम्म्यांना १६ आठवडे भूमध्यसागरी पद्धतीचा आहार दिला: भाज्या, डाळी-कडधान्यं, फळं, सुकामेवा, मासे, ऑलिव्ह तेल. त्या १९ पैकी ९ जणांची त्वचा ७५ टक्के किंवा त्याहून अधिक सुधारली. दुसऱ्या गटात असा एकही नव्हता. आकडा डोळ्यात भरणारा आहे, पण माणसं फक्त ३८ आहेत, हे विसरायचं नाही. रील बनवणारे नेमकं तेच विसरतात. शिवाय या रुग्णांचे नेहमीचे मलम सुरूच होते.

व्हिटॅमिन डीच्या गोळ्यांचं काय? नॉर्वेत हिवाळ्यात १२२ रुग्णांवर चार महिने त्याची चाचणी झाली. २०२३ मधल्या निष्कर्षानुसार सोरायसिसच्या तीव्रतेत फरक पडला नाही.

मग परभणीने ऑलिव्ह तेल आणायचं का?

गरज नाही. या आहारात महत्त्वाचा आहे तो ताटाचा साचा. भरपूर भाजी, रोज डाळ, पूर्ण धान्य, थोडे दाणे, साखर आणि तळण कमी. ज्वारीची भाकरी, तुरीचं वरण, मेथी किंवा अंबाडीची भाजी, जवसाची चटणी हे ताट त्या साच्याच्या बरंच जवळ जातं. मात्र या ताटाने सोरायसिस कमी होतो, असं म्हणता येत नाही. स्पेनमधल्या चाचणीत भाकरी नव्हती. कृषी विद्यापीठाने इक्रिसॅटसोबत विकसित केलेली, लोह आणि जस्त जास्त असलेली 'परभणी शक्ती' ही ज्वारी २०१८ मध्ये आली ती कुपोषणावर उत्तर म्हणून. तिलाही कुणी उद्या त्वचेचं औषध म्हणून विकू नये.

भाकरीचा फायदा आहेच, तो दुसऱ्या बाजूने. सोरायसिसच्या रुग्णांमध्ये मधुमेह आणि हृदयविकाराचा धोका वाढलेला असतो. साखर, मैदा, तळण कमी करण्याचं कारण तिथे आहे, चट्टे हलोत किंवा न हलोत.

आणखी एक गोष्ट या सगळ्या आहार-सल्ल्यांत हटकून गळते: दारू. दारूने सोरायसिस बळावतो, आणि मेथोट्रेक्सेट घेणाऱ्याच्या यकृतावर तर दुहेरी मार बसतो. वांगं सोडायला सांगणारे शंभर भेटतात, संध्याकाळची बाटली सोडायला सांगणारा एखादाच.

'गहू सोडा' कुणाला महागात पडतं?

रेशनवर प्रामुख्याने गहू आणि तांदूळ मिळतो. राष्ट्रीय अन्नसुरक्षा कायद्याखालच्या कुटुंबांना २०२३ पासून तो मोफत आहे. ज्वारी अधूनमधून काही ठिकाणी मिळते, एरवी बाजारातून घ्यावी लागते. ज्याच्या शेतात आता ज्वारीच्या जागी सोयाबीन आणि कापूस आहे, त्याला गहू सोडायला सांगणं म्हणजे घरात आलेलं फुकट धान्य ठेवून विकतचं आणायला सांगणं. त्यात दूध, अंडी, डाळीही बंद केल्या तर ताटातलं प्रथिनच जातं.

हे धोक्याचं आहे. सोरायसिस अंगभर पसरला की खपल्यांवाटे शरीर प्रथिनं गमावत असतं. वजन कमी करण्याच्या चाचण्या लठ्ठ माणसांवर झाल्या आहेत. ऊसतोडीला जाणाऱ्या सडपातळ मजुराला उपास सांगणं हा त्या संशोधनाचा सरळ उलटा अर्थ झाला.

ज्यांना खरोखर ग्लुटेनची शंका आहे, म्हणजे वारंवार जुलाब, पोटफुगी, न भरून येणारा रक्तक्षय असं काही आहे, त्यांनी सीलिॲक आजाराची रक्ततपासणी करून घ्यावी. ती गहू सोडण्याआधी. आधीच गहू बंद केला तर तपासणी आजार असूनही 'नाही' असं दाखवू शकते. तपासणीत आजार निघाला तर गिरणीचाही विचार करावा लागतो, कारण गव्हामागून त्याच जात्यावर दळलेल्या ज्वारीत गव्हाचं पीठ उतरतं.

औषध सुरू ठेवूनच

आहार बदलून पाहायचा असेल तर एका वेळी एकच बदल, किमान तीन महिने, आणि दर पंधरा दिवसांनी त्याच उजेडात काढलेला फोटो. औषध स्वतःहून थांबवायचं नाही. विशेषतः स्टेरॉइडच्या गोळ्या अचानक बंद केल्या तर सोरायसिस अंगभर भडकू शकतो. 'देशी' म्हणून मिळणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेलं आढळल्याच्या नोंदी भारतात आहेत. म्हणजे रुग्णाला वाटतं पथ्याने गुण आला, आणि पुडी संपली की पूर्वीपेक्षा वाईट अवस्था होते. मेथोट्रेक्सेटची गोष्ट आणखी वेगळी: सोरायसिससाठी ती गोळी आठवड्यातून एकदाच असते. रोज घेतली तर जिवावर बेतते.

परभणीत २०२३ मध्ये शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं. त्याआधी अशा उपचारांसाठी नांदेड किंवा अंबाजोगाई गाठावं लागायचं. सकाळी उठल्यावर बोटांचे सांधे अर्ध्या तासाहून जास्त आखडलेले राहत असतील, पूर्ण अंग लाल होऊन थंडी वाजत असेल किंवा चट्ट्यांवर पू भरलेले बारीक फोड आले असतील, तर आहाराचा प्रयोग बाजूला ठेवून त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं.