मुडद्यांची टॅली कोण घेणार?

कॉलेजातली पोरं वस्तीत येतात. हातात प्रश्नावली, गळ्यात ओळखपत्र. बाप दारू पितो का, पोरगा शाळेतून कधी सुटला, मारामारीत कुणी आत गेलंय का. विषय असतो झोपडपट्टी आणि गुन्हेगारी. चहा पितात, चौकटीत खुणा करतात, निघून जातात. त्यांना मार्क मिळतात. गुन्हा हुडकायचा तर आमच्याच खोपटात, हे इंग्रजानं १८७१ च्या कायद्यानं शिकवलं. जमातीच्या जमाती जन्मानंच गुन्हेगार ठरवल्या. १९५२ साली कायदा गेला. प्रश्नावली राहिली.

दोस्तहो, हीच पोरं प्रश्नावली घेऊन कधी पाटलाच्या वाड्यावर गेलीत? पोलीस ठाण्यात? तिथं कुणी विचारलंय का, की साहेब, पंचनाम्यावरचे पंच कुठल्या आळीतले? साक्षीदार कोर्टात उभा राहून फुटला तो कुणाच्या शेतावर मजुरीला जातो? हा हिंसक गुन्ह्याचा अभ्यास नाही का? की खून करणाऱ्याच्या बापाकडं चाळीस एकर बागायत असली की तो समाजशास्त्रातून वजा होतो?

खैरलांजी घ्या. २९ सप्टेंबर २००६. भोतमांगे कुटुंबातली चार माणसं गावानं मारली. शवविच्छेदन इतकं भिकार झालं की प्रेतं परत उकरावी लागली. २००८ साली भंडाऱ्याच्या कोर्टानं सहा जणांना फाशी, दोघांना जन्मठेप दिली, पण ॲट्रॉसिटीचं कलम काही टिकू दिलं नाही. २०१० साली नागपूर खंडपीठानं फाशीची पंचवीस वर्षं केली. म्हणजे चार बौद्ध मेले, पण जातीनं मेले नाहीत! मग कशानं मेले, तापानं?

आता सरकारची मोजणी बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोचा अहवाल सांगतो, २०२२ साली अनुसूचित जातींवरच्या अत्याचाराचे ५७,५८२ गुन्हे नोंदले गेले. नोंदले गेले, घडले नव्हे. आणि नोंदले त्यातही खोच आहे. एकाच फिर्यादीत बलात्कार आणि खून दोन्ही असले तर आकड्यात फक्त खून धरतात. मोठा गुन्हा मोजायचा, बाकीचे त्याच्या पोटात घालायचे. हा नियम त्याच अहवालात छापलेला असतो, कुणी वाचत नाही. खुनाच्या कारणांचा तक्ता असतो, त्यात जातीयवादाचा एक रकाना. त्या रकान्यात कुठला मुडदा टाकायचा ते ठाण्यात ठरतं. जो फौजदार फिर्याद घ्यायला सकाळची संध्याकाळ करतो तोच आमचं शास्त्र लिहितो.

गोदीत गोणी उतरते तेव्हा टॅली क्लार्क उभा असतो. स्लिंगमागं गोणी मोजतो, फाटलेली वेगळी लिहितो. एक कमी भरली तर मुकादमापासून एजंटापर्यंत बोंबाबोंब. साखरेच्या गोणीची जेवढी टॅली, तेवढी आमच्या मेलेल्या माणसांची नाही.

होत नाही म्हणणाऱ्यांनी अमेरिकेकडं बघावं. तिथल्या काळ्या पँथरांचं नाव १९७२ साली आपल्या आधीच्या पोरांनी उगाच उचललं नव्हतं. अटलांटाच्या एमरी विद्यापीठात २०११ साली एक वर्ग सुरू झाला. त्यातली पोरं पदवीची, एकोणीस-वीस वर्षांची. अभ्यासाला जॉर्जिया राज्यात काळ्यांचे झालेले जुने खून. एफबीआयच्या फायली, कोर्टाचे कागद, पिवळी वर्तमानपत्रं. त्यातला एक इसाया निक्सन, वय २८. ८ सप्टेंबर १९४८ ला त्यानं मत दिलं. त्याच दिवशी दोन गोरे भाऊ दारात आले आणि बायकोसमोर त्याला गोळ्या घातल्या. कुणाला शिक्षा झाली नाही. घरचे मुलूख सोडून फ्लोरिडात गेले. कबरही हरवली. २०१५ साली ती त्या वर्गातल्या एका पोरीला सापडली. सदुसष्ट वर्षांनी एक विद्यार्थिनी माती बाजूला करते आणि नाव वाचते! असलं संशोधन आपल्या कुठल्या बी. ए. च्या अभ्यासक्रमात आहे, दाखवा.

न्यू जर्सीतल्या हाइट्सटाउनची पोरं तर हायस्कुलातली. वर्गात बसून कायद्याचा मसुदा लिहिला, की वर्णद्वेषी खुनांच्या जुन्या फायली उघड्या करा. खासदारांचे उंबरे झिजवले. जानेवारी २०१९ मध्ये त्यावर राष्ट्राध्यक्षाची सही झाली.

आपल्याकडं काय? विद्यापीठ अनुदान आयोगानं २०२२ साली चार वर्षांच्या पदवीची चौकट काढली. चौथ्या वर्षी संशोधन. पण कुणाला? पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के पाडील त्याला. जो पोरगा रात्रपाळी करून सकाळी लेक्चरला डुलक्या घेतो, जिची स्कॉलरशिप परीक्षा झाल्यावर जमा होते, ती ५८ टक्क्यांवर थांबली की संशोधन बंद. फिर्याद नोंदवून घेत नाहीत म्हणून ठाण्यात बसून राहणं काय असतं हे तिला ठाऊक. ७५ वाल्याला पुस्तकातून कळणार. मी तर नुसता मॅट्रिक, मला त्या फाटकाचा वॉचमनही आत सोडणार नाही.

वर पांढरपेशे प्राध्यापक म्हणतात, तुम्ही बाधित पक्ष, तुमच्यात वस्तुनिष्ठता नाही. बरं! आयडा वेल्स गुलामीत जन्मली. तिचे तीन मित्र १८९२ साली मेम्फिसला जमावानं मारले. तिनं १८९५ साली लिंचिंगचा हिशेब छापला तेव्हा आकडे मुद्दाम गोऱ्यांच्याच शिकागो ट्रिब्यूनमधले घेतले, म्हणजे काळ्यांनी बनवलेत म्हणायची सोय राहू नये. बाबासाहेबांनी १९३६ च्या लाहोरच्या न झालेल्या भाषणात इंदूरकडच्या बलायांचा छळ टाइम्स ऑफ इंडियाच्या बातमीवरून मांडला. ज्याचं घर जळतं त्यालाच पुरावा जास्त घट्ट धरावा लागतो. गुबगुबीत माणसाला अंदाज परवडतो.

आपल्या पोरांनाही सुनावलं पाहिजे. खून झाला की तीन दिवस मोर्चा, बॅनरवर पुढाऱ्याचा फोटो, मग सामसूम. चार वर्षांनी निकाल लागतो तेव्हा कोर्टात आपला एक माणूस नसतो. अहमदनगरच्या खर्ड्याला २०१४ साली आपल्या शाळकरी पोराला मारून झाडाला टांगलं. २०१७ साली सगळे सुटले, साक्षीदार फुटत गेले. ते कसे फुटले, कोण किती दिवसांनी, कुणी त्यांना गाठलं, हे आपल्यापैकी किती जणांनी निकालपत्र उघडून वाचलंय? वीस भाषणं ठोकली असतील.

कागद आहेत. जिल्हा कोर्टाचे निकाल ई-कोर्टवर फुकट वाचता येतात. फिर्याद २४ तासांत संकेतस्थळावर टाका, असं सुप्रीम कोर्टानं २०१६ साली सांगितलंय, लैंगिक गुन्ह्यांसारखी नाजूक प्रकरणं सोडून. ॲट्रॉसिटीच्या नियम १७ प्रमाणं कलेक्टरच्या अध्यक्षतेखाली जिल्हा दक्षता समिती तीन महिन्यांतून एकदा तरी बसली पाहिजे. बसते का? इतिवृत्त मागा, माहितीच्या अधिकारात, दहा रुपयांत. नाही दिलं तर अपील करा, आणि नाही दिलं ही नोंदसुद्धा वहीत लिहा.

एका पोरानं एक जिल्हा घ्यावा. पोरींनीही घ्यावा, त्यांना जबान्या जास्त खऱ्या मिळतील. फिर्याद किती दिवसांनी, तपास डीवायएसपीनं केला की हवालदारानं उरकला, आरोपपत्र कधी, साक्षीदार किती फुटले, निकाल काय. फिर्यादीच्या घरी जाल तर आधी विचारून जा, नाव छापायचं की नाही ते त्यांना ठरवू द्या. आपणही प्रश्नावलीवाले व्हायचं नाही.

नाशिक, बीड, परभणी, लातूर हे चार जिल्हे आधी हवेत. वही घेऊन पत्ता पाठवा, टक्के लिहू नका.