माशीच्या लग्नाला हसू नका!

गेल्या दिवाळीत फराळाला आलेले आमचे एक स्नेही चकली मोडता मोडता म्हणाले, "काय हो, नर माश्यांना संप्रेरके देऊन त्यांची लग्ने जुळवतात म्हणे! एवढा पैसा वर आलाय का सरकारला?" सारे घर हसले. मला मात्र हसू आले नाही. त्या हसण्याचा समाचार घ्यावा म्हणूनच हा प्रपंच.

अहो, ही माशी म्हणजे केळ्यांच्या घडाभोवती घोंगावणारे चिलट नव्हे. ही फळमाशी. ती पिकू लागलेल्या फळात अंडी घालते आणि आपण सुरी लावली की आत अळ्या वळवळतात. मे २०१४ मध्ये युरोपीय संघाने आपल्या आंब्याला दार बंद केले ते हिच्याच जातीमुळे. ते उघडायला जानेवारी २०१५ उजाडला.

हिला आवरायचे कसे? विष फवारावे, तर ते आपल्याच ताटात येते. दुसरा मार्ग म्हणजे लाखो नर पोसायचे, किरणांनी निर्बीज करायचे आणि रानात सोडायचे. अशा नराशी जुळलेल्या मादीची अंडी फुटतच नाहीत. याच युक्तीने जपानने १९९३ पर्यंत ओकिनावा बेटांवरील कारल्या-काकडीची माशी निपटून काढली.

पण नुसत्या संख्येने काय होते? फ्लोरिडातल्या कॅरिबियन फळमाशीचा नर पानाखाली ठाण मांडतो, पंख फडफडवतो, गंध सोडतो. आणि निवड करते ती मादी. स्वयंवरच ते! त्यात हा कारखान्यातला नवरदेव वयात यायला सुमारे आठवडा घेतो. तोवर कोळी आणि मुंग्या थोड्याच थांबतात? म्हणून शास्त्रज्ञांनी त्याला मेथोप्रीन दिले. कीटकांच्या बालसंप्रेरकाची नक्कल करणारे हे द्रव्य. नर चार-पाच दिवसांतच वयात आला! मौज पाहा, जे संप्रेरक अळीला अळीच ठेवते, तेच पंख फुटल्यावर नराला बोहल्यावर चढवते.

मात्र नुसत्या साखरेवर ठेवलेल्या नरांपेक्षा, संप्रेरकाच्या जोडीला प्रथिनेही मिळालेले नर मादीच्या पसंतीस अधिक उतरले. औषधाला अन्नाची जोड हवी, हे काय माशीपुरतेच खरे आहे?

या दोन-तीन दिवसांच्या फरकावरच लाखो नरांवरचा खर्च फळणार की मातीत जाणार, हे ठरते. उधळपट्टी म्हणायची ती याला, की दरसाल कुजणाऱ्या फळांना आणि ओतल्या जाणाऱ्या विषाला?

त्या दिवशी स्नेह्यांना निघताना मी परसातला पेरू कापून दिला. आत अळी निघाली. त्यांनी फोड मुकाट्याने बशीत ठेवली. यंदाही ते येणार आहेत. चकली तयार आहेच. पेरू मात्र त्यांनाच कापायला सांगणार आहे.